चार पाऊणे तीन

राठोड सरांनी समुद्र पाहिला नव्हता, पण समुद्राची वेळ त्यांना पाठ होती. सेनगावच्या आमच्या शाळेतून समुद्र गाठायचा तर एसटीत दोन दिवस मोडायचे. त्या शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर सर रोज सकाळी सुविचाराखाली एक ओळ लिहीत: 'आज भरती सकाळी १०.३०, ओहोटी दुपारी ४.३०.' दुसऱ्या दिवशी भरती सव्वाअकरा. सुविचार लिहायचं काम वर्गावर्गात फिरत असे, भरतीची ओळ मात्र सरांची. तिच्यासाठी ते खिशात वेगळा खडू ठेवत, निळा.

हे मी त्यांचं कौतुक करायला लिहीत नाही. कौतुक करायचा माझा हक्क मीच घालवून बसलो आहे. तरी माणूस आधी सांगायला हवा, नाहीतर माझी करणी कळायची नाही.

मी त्या शाळेत लागलो तेव्हा पंचविशीत होतो आणि सर पंचेचाळिशीच्या पुढे. उंच, काळेसावळे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, पायात टायरच्या चपला. सेनगावपासून दोन कोसांवरच्या तांड्यावर घर. रोज सायकलीनं येत आणि सायकल झाडाला टेकवली की आधी चाकाची हवा दाबून बघत, मग फळ्याकडे वळत. शिकवायचा विषय भूगोल. वर्गात पुस्तकी बोलत, 'सागरकिनारा दंतुर आहे' वगैरे. शिक्षकांच्या खोलीत आले की बोली मोकळी सुटायची.

"जोशी सर, तुमी परभणीचे. तुमच्या बापजाद्यानं कवा समुद्र पाह्यला?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं.

मी म्हणालो, "कोणीच नाही."

"आमच्या समद्यांनी पाह्यला. आमचा पणजा बैलावर मीठ घालून कोकणातनं घाट चढून यायचा. दरसाल. आगरातलं मीठ, हितं हिंगोलीच्या बाजारात. आमच्या घरात समुद्र पायी जाऊन पाह्यलेला व्हता. मंग रेल्वे आली, एसटी आली, अन् आमचं जाणं थांबलं." हे सांगून ते स्वतःच खो खो हसले. हसताना त्यांच्या डब्यातली खड्या मिठाची पुडी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. भाकरीबरोबर ते बारीक मीठ घेत नसत, खडा फोडून घेत.

भरतीचं गणित त्यांना डी.एड.च्या वसतिगृहात मिळालं होतं. खोलीत गुहागरकडचा एक मुलगा होता, त्यानं सांगितलं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आता आमच्या पिढीला पाऊणकी येत नव्हती, पण सरांना ती तांड्यावरच्या पहिल्या गुरुजींनी छडीच्या धाकानं पाठ करून घेतलेली. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन. म्हणजे चतुर्थीला पूर्ण भरती तीन वाजता. त्याच्या सहा तास मागे ओहोटी. लहानपणी मार खाऊन शिकलेली एक गोष्ट थेट समुद्राला जाऊन लागते, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की तो पुढं कधी ओसरलाच नाही. पंचांग बघायचं, पाऊणकी म्हणायची, फळ्यावर वेळ लिहायची. तिकडे कोणी ती ताडून बघणार नव्हतं. इकडे कोणाला तिची गरज नव्हती.

गरज नव्हती असं म्हणालो, पण एकदा गोंधळ झालाच. आमच्याकडे भरती म्हणजे एकच, पोलिसातली नाहीतर फौजेतली. मी लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी चार जवान पोरं शाळेच्या फाटकात उभी. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, त्यात मार्कशीट, जातीचा दाखला, फोटो. एकानं तर अर्धी चड्डी आणि पळायचे बूट घालूनच आणले होते. आदल्या दिवशी जीपमधून जाताना कोणीतरी फळा वाचला होता आणि तीन गावांत बातमी गेली होती.

"भरती कुठं हाय सर?"

"मुंबईला, अलिबागला, रत्नागिरीला. समद्या किनाऱ्यावर." सर म्हणाले.

"आन् हितं?"

"हितं फकस्त वेळ हाय."

त्यातला एक जण फळ्याकडे बघून फार गंभीरपणे म्हणाला, "मंग ही ओहोटी कोणासाठी? वय उलटलेल्यासाठी का?"

आम्ही शिक्षक पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. पोरं दहा-बारा मैल चालून आली होती. सरांनी त्यांना चहा दिला, शाळेची टेप काढून चौघांची उंची-छाती मोजली, मैदानावर पळवून घड्याळात वेळ बघितली आणि प्रत्येकाला एका कागदावर लिहून दिलं की छाती किती कमी पडते आणि किती सेकंद कमी करायला हवेत. हेडसरांनी त्या दिवसापासून हुकूम काढला की पुढं 'समुद्राची' असं लिहायचं. सरांनी लिहिलं. खूप बारीक अक्षरात, कारण त्यांच्या मते भरती म्हटल्यावर समुद्राचीच असायला हवी होती.

तेव्हापासून त्यांना गावात 'भरतीवाले सर' म्हणायला लागले. मी ते नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं ते आठवत नाही. माझ्याच तोंडून ऐकलं असावं.

दर भाद्रपदात ते सातवीच्या मुलांना सिद्धेश्वरच्या धरणावर नेत. पाणी पश्चिमेलाच पाहिजे म्हणून चांगला रस्ता सोडून पलीकडच्या काठाला नेत. तिथं गाळात मुलांकडून सगळी किनारपट्टी करून घ्यायची, डहाणूपासून रेडीपर्यंत. बोटानं खाड्या ओढायच्या. दगड ठेवून बेटं करायची: खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा, खाली मालवणला सिंधुदुर्ग. काशिदची वाळू पांढरी म्हणून तिथं चुन्याची चिमूट टाकायची. एका वर्षी मी सोबत होतो. काम रंगात आलं असताना एक म्हैस पाण्यातून उठली आणि सावकाश येऊन रत्नागिरीवर बसली. मुलं ओरडायला लागली.

"उठवू नका रे," सर म्हणाले. "पाण्यावर पयला हक तिचा हाय. आपुन गोव्याकडं सरकू."

त्याच जलाशयात एक टेकाड होतं. भाद्रपदात त्याच्या चारी बाजूंनी पाणी असे आणि वैशाखात तिथवर बैलगाडी जाई. सर ते बोट करून दाखवत. "ह्यो आपला कुलाबा. अलिबागच्या कुलाब्याला दिवसातनं दोनदा भरती येते, याला वर्षातनं एकदा. बाकी काही फरक न्हाई." मग हळूच म्हणत, "न्हाई म्हंजी, असंल फरक. पाह्यला पाहिजे."

पाहायची संधी शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला आली. शाळेची सहल कोकणात न्यायचं ठरलं. एक एसटी, अलिबाग, काशिद, मुरुड, जंजिरा. सहलप्रमुख मी, कारण मी तरुण. सर पंधरा दिवस नुसते हवेत होते. आठवी-नववीच्या मुलांना त्यांनी किनाऱ्यावर कसं चालायचं इथपासून शिकवलं. तांड्यावर त्यांच्या घरी मी एकदा गेलो तर त्यांच्या पत्नी, शेवंताबाई, म्हणाल्या, "मास्तर, ह्ये झोपत बी न्हाईत. रातभर तिथ्या मोजून राहिले." त्यांनी माझ्याकडे एक रिकामी बाटली दिली आणि म्हणाल्या, सरांना आठवण करा, येताना तिच्यात तिकडचं पाणी आणायचं. त्यांना ते खरंच खारट असतं का ते बघायचं होतं.

निघायच्या तीन दिवस आधी हेडसरांनी मला बोलावलं. त्यांची बायको येणार होती, मेव्हणी येणार होती, साडू येणार होते. "जोशी, शिक्षक एकच न्या. तुम्ही नाहीतर राठोड. कोण ते तुम्हीच ठरवा, यादी तुमच्या हातात आहे."

एवढी सोपी गोष्ट होती. मी तरुण होतो, मला समुद्र पुढंही दिसला असता. मी यादीत माझं नाव लिहिलं. मनाला सांगितलं की मुलांमागं धावायला तरुण माणूस हवा. सरांना सांगायला गेलो तेव्हा तेच वाक्य त्यांनी माझ्या आधी म्हटलं. "तुमीच जा, जोशी सर. पोरांमागं पळायला तुमचं वय हाय. मला काय, मी पुढल्या साली जाईन." बोलताना ते सायकलीच्या चाकाची हवा दाबत होते, आणि खूप वेळ दाबत राहिले.

निघायच्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला. त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'अलिबाग, चतुर्थी. चार पाऊणे तीन. पूर्ण भरती दुपारी ३. पूर्ण ओहोटी सकाळी ९ च्या सुमारास. साडेसातला किल्ल्याकडे पायी निघावे. सव्वादहाला शेवटचे मूल वाळूवर परत असावे. त्यानंतर एक मिनिटही थांबू नये.' खाली रेघ मारून: 'पाण्याची वेळ बरोबर निघते का, एवढे फक्त बघून या.'

एवढंच मागितलं होतं त्यांनी. ना शंख, ना शिंपला. बाटलीसुद्धा शेवंताबाईंची. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेली वेळ खरी की खोटी, हे त्यांना कळायला हवं होतं, आणि ते सांगणारा जगात मी एकटाच होतो.

अलिबागला सगळं कागदाबरहुकूम झालं. साडेसातला पाणी मागे होतं, ओली काळी वाळू किल्ल्यापर्यंत गेलेली, घोडागाड्या आरामात जात होत्या. मुलं बेभान झाली. किल्ल्यात समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर बघून एका मुलीनं मला विचारलं, "सर, ही सिद्धेश्वरहून आली का?" दहा वाजता मी शिट्टी मारली. हेडसर चिडले, त्यांच्या साडूंना अजून फोटो काढायचे होते. मी खिशातला कागद दाबून म्हणालो, "नाही सर, आत्ताच निघायचं." सव्वादहाला आमचं शेवटचं पोरगं वाळूवर होतं. साडेदहाला त्या वाटेवरून पाणी वाहायला लागलं. मागे आणखी कुठल्या तरी शाळेची मुलं अडकली, त्यांना होडीनं आणावं लागलं, त्यातली काही रडत होती. आमची मुलं कोरड्या पायांनी भेळ खात होती.

हेडसरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा जोशी! मिनिटाचा फरक नाही. शेवटी जोशीच, पंचांग रक्तातच असतं."

मला तिथी म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. कागद माझ्या खिशात होता, काढून दाखवायचा होता फक्त. मी हसलो. समुद्राचा वारा होता, सगळे माझ्याकडे बघत होते, हेडसरांची मेव्हणी 'हुशार आहात' म्हणाली, आणि मी नुसता हसलो. बाटली भरायची मी विसरलो. येताना घाटात एका हॉटेलच्या नळावर ती भरून तिच्यात मीठ टाकावं असंही माझ्या मनात आलं होतं. ते तेवढं केलं नाही. बाटली रिकामीच परत दिली.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत हेडसरांनी सगळ्यांसमोर तीच गोष्ट रंगवून सांगितली. जोशींनी कशी वेळ ओळखली, कशी शिट्टी मारली, जोशी नसते तर काय झालं असतं. सर कोपऱ्यात डबा उघडून बसले होते. गोष्ट संपेपर्यंत थांबले. मग उठून माझ्याजवळ आले. डोळ्यांत अशी उत्सुकता की माझ्यानं बघवेना.

"जोशी सर, माझी वेळ जमली का?"

सगळे ऐकत होते. 'जमली' म्हणालो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की शिट्टी कोणाच्या गणितावर वाजली. मी म्हणालो, "पाऊण तासाचा फरक पडला, सर. पाणी उशिरा चढलं. मी तिथल्या माणसाला विचारून घेतलं म्हणून बरं."

"पाऊण तास?"

"हो."

"नक्की?"

"घड्याळ लावून बघितलं ना."

कोणाला शंका आली नाही. माझ्या आडनावावर लोक न विचारता विश्वास ठेवत. तांड्यावरून आलेल्या माणसाला आधी पंचांग दाखवावं लागे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुद्द सरांनाही शंका आली नाही. त्यांनी खिशातून वही काढली, पाऊणकीच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बरं झालं बघा. इतकी वर्षं पोराईला चुकीचं सांगून राहिलो होतो."

मला वाटलं होतं ते फळा बंद करतील. त्यांनी बंद केला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पाऊणकी करून वर पाऊण तास मिळवायला लागले. पंचमीला पावणेचारच्या जागी साडेचार. रोज सकाळी निळ्या खडूनं. मी रोज त्या फाटकातून आत जायचो आणि माझंच खोटं मला वाचावं लागायचं. सात वर्षं. सुट्टीच्या दिवशी तेवढी सुटका.

सांगायचं कितीदा ठरवलं. एकदा मुद्दाम तांड्यावर गेलो. सरांनी बाज टाकली, शेवंताबाईंनी चहा केला, आणि मी बोलायला तोंड उघडलं तर सर बायकोला सांगायला लागले, "याईनंच माझं गणित सुधारलं." मी चहा पिऊन परत आलो. त्यांच्या निरोप समारंभात तर कहर झाला. हार गळ्यात घालून उभे राहिले आणि म्हणाले, "पुस्तकातली वेळ निराळी आणि समुद्राची निराळी, हे मला जोशी सरांनी डोळ्यांनी बघून येऊन सांगितलं. मोठ्या मनाचा माणूस आहे. दुसरा असता तर माझं मन राखायला खोटं बोलला असता." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मला ते शेवटचे दिसले. हिंगोलीच्या जीप जिथं उभ्या राहतात तिथं, उन्हात. पाठीत वाकलेलं शरीर, पण गुंडी लावलेली. शेजारी शेवंताबाई. बाईंचा उजवा हात मनगटापाशी वाकडा दिसला.

"जोशी सर! जाऊन आलो बघा!" सर लांबूनच ओरडले. "पोरगं पनवेलला लागलं. ह्याच साली घेऊन गेलं आमाला. पाह्यला समुद्र."

मी विचारलं, "कुठं?"

"अलिबागलाच की. तिजीचा दिवस. तीन पाऊणे सव्वादोन, त्यात तुमचा पाऊण तास धरला, तीन. त्या हिशोबानं साडेआठला किल्ल्यात गेलो, सव्वादहापर्यंत टाइम धरून. पोरगं म्हणून राहिलं, बाबा चला. मी म्हणलं, थांब, टाइम हाय, मला पक्कं माहीत हाय. न् निघालो तं वाटंत पाणी." ते हसत होते. "कंबरंइतकं आलं. ही पडली. एका कोळ्यानं ओढून काढलं. हात मोडला हिचा, वाकडाच बसला."

शेवंताबाई पदर सावरत म्हणाल्या, "पण पाणी खारट असतंय, मास्तर. नाकातोंडात गेलं तवा कळलं."

मी सरांना विचारलं, "आणि समुद्र? कसा वाटला?"

ते म्हणाले, "खरं सांगू का? बघायला कुठं भेटला. उभ्या जल्मात एकदा गेलो, अन् त्याच्याकडं पाठ करून पळालो." मग एकदम काळजीनं, वर्गातला हिशोब चुकला की करत तशा चेहऱ्यानं म्हणाले, "ते न्हाई कळून राहिलं, सर. समुद्र काही खोटं बोलत न्हाई. तुमी तर डोळ्यानं पाहून आलते. म्हंजी माझंच कुठंतरी चुकून राहिलं. सांगा बरं, काहून असं झालं असंल?"

आता सांगायला कोणाचीही आडकाठी नव्हती. हेडसर निवृत्त होऊन गेले होते. खोली नव्हती, टाळ्या नव्हत्या. उन्हात तीन माणसं उभी होती, त्यातल्या एकीचा हात माझ्यामुळं वाकडा होता.

"सर," मी म्हणालो. तेवढ्यात जीपवाल्यानं 'सेनगाव, सेनगाव, बसा, दोन सीट' असा पुकारा केला. सरांनी शेवंताबाईंना कोपराला धरून वर चढवलं, कारण त्यांना दांडी धरता येत नव्हती. मग स्वतः मागच्या फळीवर बसले, माझ्याकडे तोंड करून. जीप सुरू झाली. धुरातून त्यांनी हात पुढं केला.

"जोशी सर, आठवून सांगा. पाऊणच तास व्हता ना?"

जीपबरोबर मी दोन पावलं चाललो.

"हो सर," मी म्हणालो. "पाऊणच."